देवांचं भाडं

घाटंजीच्या सरकी गल्लीत काही लपून राहत नाही. एका घरात दूध उतू जायला लागलं की तिसऱ्या घरातली बाई ओरडून सांगते. कोणाची सून रुसली, कोणाच्या जावयाने मोटारसायकल मागितली, कोणाचा म्हातारा डॉक्टरकडे जातो म्हणून निघाला आणि भजी खाऊन आला, हे सगळं संध्याकाळपर्यंत गुघाने गुरुजींच्या ओट्यावर जमा होतं आणि दिवेलागणीच्या आत मीठमसाला लावून वाटलंही जातं. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांची हजेरी घ्यायची खोड काही गेली नाही. आता ते गल्लीची घेतात.

अशा गल्लीत, गुरुजींच्या अगदी समोरच्या गुलाबराव काळबांडेंच्या दुमजली घराला बँकेने कुलूप घातलं, तेव्हा गल्लीने काय करावं? गल्लीने मान फिरवली. दारावर नोटीस चिकटवलेली होती, पण येणारा-जाणारा त्या जागेवरून असा जायचा, जशी काही तिथे भिंतच आहे. शेजाऱ्याची अब्रू दारावर डकवलेली असली की ती वाचायची नसते, हा गल्लीचा रिवाज. घरी जाऊन मात्र तिच्यावर तास-तास बोलायचं, हाही रिवाजच.

दोन हजार सहाच्या आगेमागे घडलेली ही गोष्ट. कापसाचा बाजार तेव्हा असा बसला होता की दिल्ली-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन जिल्हा पाहायला येत, आणि चौकात उसाचा रस पिऊन परत जात. त्यांना काळबांडेंचं घर कोणी दाखवलं नाही. दाखवणार कसं? गुलाबराव काही कापूस पेरणारे नव्हते, पेरणाऱ्यांना बियाणं विकणारे होते. चौकात त्यांचं कृषी केंद्र. बियाणं उगवलं तर थैलीचा गुण आणि नाही उगवलं तर जमिनीचा दोष, असं त्यांचं शास्त्र. त्या शास्त्रावर त्यांनी दुमजली घर बांधलं, आणि मग कोणीतरी डोक्यात घातलं म्हणून घर बँकेकडे तारण ठेवून एका जिनिंगमध्ये भागी घेतली. कापूसच येईना, तर जिनिंग सरकी कशातून काढणार? यंत्रं थांबली, हप्ते थांबले, आणि बँकेची जीप गल्लीत शिरली.

पण गुलाबराव कच्चे नव्हते. बँकेची माणसं सामान बाहेर काढायला लावत होती तेव्हा त्यांनी पलंग काढले, कपाटं काढली, अगदी मोरीतला दगडसुद्धा काढला. देव मात्र काढले नाहीत. देव्हारा जसाच्या तसा, त्यात चांदीचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबा, सगळे आपापल्या जागी बसलेले. साहेब म्हणाला, "देव घेऊन जा जी." गुलाबराव हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमी मले उठवलं. देवाईले उठवाचा मले अधिकार नाई."

साहेबाला वाटलं, भाविक माणूस. गल्लीला मात्र बरोबर कळलं. देव उठवल्याशिवाय घर रिकामं होत नाही, हे आपल्याकडे कोण जाणत नाही? घर सोडताना घरच्या बाईने देव ताम्हनात घ्यायचे, पदराखाली धरून नव्या घरी न्यायचे, मग मागचं घर मोकळं. ज्या घरात दुसऱ्याचे देव बसलेले आहेत तिथे चूल मांडायला कोणी धजत नाही. हाय लागते, तळतळाट लागतो, पोरंबाळं सुखी राहत नाहीत. बँकेचं कुलूप पितळेचं होतं, पण खरं कुलूप आत बसलं होतं.

झालं तसंच. पहिला लिलाव लागला, कोणी आलं नाही. दुसरा लागला, एक कापडवाला येऊन चहा पिऊन गेला. प्रत्येक वेळी बँक किंमत खाली आणायची. तिसऱ्या वेळी गुलाबरावांचा साळा, बोरी अरबचा मोरेश्वर, बोली लावणार, घर पडत्या भावात घरातच येणार, आणि देव जागचे न हलता पुन्हा नैवेद्य खाणार, असा सगळा बेत. गल्लीला तो माहीत होता आणि मनातून पसंतही होता. बँकेला टोपी घातली जाते म्हटल्यावर कोणाला आवडत नाही!

बेतात चूक एवढीच राहिली, की देवांच्या या कुलपाला न भिणारा अख्खा एक मोहल्ला त्याच गावात, नाल्यापलीकडे होता. तिथल्या लोकांच्या बापजाद्यांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव फडक्यात बांधून केव्हाच वाघाडी नदीच्या पाण्यात सोडले होते. ते मोजायचेच गुलाबराव विसरले. विसरले म्हणजे काय, त्यांच्या मनातच आलं नाही. नाल्यापलीकडचं माणूस सरकी गल्लीत डबे द्यायला येईल, भिंत रंगवायला येईल. घर घ्यायला येईल कशाला?

डबे द्यायलाच यायची ती. इंदूबाई मुनेश्वर. ठेंगणी, सावळी, चालताना दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या, आणि आवाज असा की भाजीवालाही तिच्याशी भाव करताना आधी पाणी पिऊन घ्यायचा. गावात बदलून आलेले मास्तर, तलाठी, डी.एड.ची पोट्टी, सगळी तिच्या पोळ्यांवर जगलेली. नवरा देवराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला होता. माणूस इतका शांत की पाहुणा दारात आला तरी "आत सरका" एवढंच म्हणायचा.

आता इंदूबाईच्या पोटात काय होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्नानंतर देवरावाची ड्यूटी घाटंजीवरून सुटायची, म्हणून दोघांनी सरकी गल्लीत भाड्याची खोली शोधली होती. दर दारात स्वागत झालं. "या, बसा, नोकरी सरकारी? वा वा." मग हळूच, "आडनाव काय म्हनले?" आडनाव सांगितलं की कोणाच्या खोलीत त्याच दुपारी पाहुणे येणार असायचे, कोणाची खोली गळायला लागायची, आणि एका बाईने तर खोलीत साप निघतो म्हणून सांगितलं. आजूबाजूला दोन बिऱ्हाडं नांदत असलेल्या खोलीत साप! इंदूबाई हे हसून सांगायची. पण सांगायची नेहमी, आणि हसायची जरा जास्त.

तर इंदूबाईने नोटीस वाचली. उभी राहून, पिशव्या खाली ठेवून, बोट फिरवत. पहिल्या लिलावाची वाचली, दुसऱ्याची वाचली, आणि तिसऱ्याची वाचून झाल्यावर समोरच्या ओट्याकडे वळून विचारलं, "गुरुजी, हे 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे' म्हंजे काय जी?"

गुरुजी वर्तमानपत्रामागून म्हणाले, "म्हंजे आतमंदी जे असंन ते तुमच्या गळ्यात."

"अन् जो कोनी येईन त्याले घेता येते?"

"येते. पन येतो कोन?" गुरुजी हसले. "देव हायेत बाई आत."

"तुमचे का?"

गुरुजींनी पान उलटलं.

घरी येऊन तिने भाकरी टाकता-टाकता देवरावाला सांगितलं, "काळबांड्याचं घर घेऊन राह्यलो आपन."

देवरावाचा घास हातातच राहिला. "कायले?"

"भाड्यानं द्यायले. माहे गुडघे दोन वर्सं चालतीन अजून. मंग डबे कोन वाटंन, तुमी? सहा खोल्या हायेत. खाली चार, वर दोन. म्हातारपनी ह्या पोट्टा-पोट्टीच्या तोंडाकडं पाहासाठी मी नाई जन्माले आलो."

"अवं, फंडाचा सारा पैसा जाईन त्यात! आपल्या घराचं छत टिनाचं हाये अजून."

"टिन राहू द्या. टिन कोनाले भाडं देत नाई."

"अन् गल्लीवाले?"

"त्याईचं काय?"

देवरावाने हातातला घास खाल्ला. तीस वर्षं बसमध्ये भांडणं सोडवलेला माणूस. कोणतं भांडण सुटतं आणि कोणतं सुटत नाही, हे त्याला तोंडावरून कळायचं. हात धुताना म्हणाला, "यवतमाळची पयली गाडी साडेसहाची हाये."

लिलावाच्या दिवशी यवतमाळच्या बँकेच्या खोलीत मोरेश्वर आधीच पाय पसरून बसला होता, सफारी घालून. बाजूला गुलाबराव, नुसतेच आलेले, चेहऱ्यावर बारशाला आल्यासारखं समाधान. इंदूबाई आणि देवराव आत आले तेव्हा शिपाई म्हणाला, "पेन्शनचं काऊंटर तिकडं हाये."

"आमी लिलावाले आलो," इंदूबाई म्हणाली, आणि पिशवीतून बँकेचा ड्राफ्ट काढून साहेबापुढे ठेवला.

गुलाबराव अर्धे उठले. "इंदूबाई? तू? डबा कोनाचा आनला इथं?"

"आज डबा नाई आनला भाऊ. आज उपाशी ठेवतो."

साहेबाने राखीव किंमत वाचली. मोरेश्वरने तिच्यावर थोडी चढवून सांगितली आणि घड्याळाकडे पाहिलं. इंदूबाईने त्यावर चढवली. मोरेश्वरने मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्याने छताकडे. मोरेश्वरने पुन्हा चढवली. इंदूबाई पुन्हा चढली. गुलाबराव तिच्या कानाशी वाकून गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुले कोनी सांगतलं नसंन. आत माहे देव हायेत. लेकराबाळाची बाई तू. उगा काही वंगाळ झालं तं मले दोष नोको देजो."

इंदूबाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊ, आमच्या बुढ्यानं त्याचे सोताचे देव नदीत सोडले, तवा काही नाई झालं. तुमचे तं वळखीचेही नाईत."

साहेबाला खोकला आला. मोरेश्वरच्या खिशात जेवढं होतं तेवढं बोलून झालं होतं, कारण त्याला पडत्या भावाचंच सांगून आणलं होतं. त्याने मेहुण्याच्या कानात काही विचारलं, मेहुणा नुसता लाल होत गेला. साहेबाने तीनदा विचारलं. घर इंदूबाईच्या नावावर सुटलं. परतीच्या गाडीत देवराव आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढताना सुटे पैसे घ्यायला विसरला, असं सांगतात. त्या गाडीचा नवा कंडक्टर साक्षी आहे.

पंधरवड्यात बाकी रक्कम भरली, साहेबाने चावी दिली, आणि इंदूबाईने भर दुपारी सरकी गल्लीतलं ते कुलूप काढलं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना त्या दुपारी एकदम हवा खायची इच्छा झाली. आत जाळी, उंदीर, बंद घराचा वास. आणि कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात, धुळीने सगळे एकाच रंगाचे झालेले देव.

इंदूबाई त्यांच्यापुढे उभी राहिली. पुजायचं तर तिच्या धर्मात नव्हतं. फेकायचं तर तिच्या स्वभावात नव्हतं. शिवाय तिला हेही ठाऊक होतं, की ती कधी फेकते याचीच अर्धं गाव वाट पाहतंय. तिने सगळं घर झाडलं, धुतलं, चुना मारला, आणि देव्हाऱ्याभोवतीची जागा तशीच सोडली.

पण गावाला काही ना काही लागतंच. सरकी गल्लीत आवई उठली की इंदूबाईने देव उकिरड्यावर टाकले. नाल्यापलीकडे उठली की इंदूबाई देव पुजायला लागली. एकाच संध्याकाळी दोन्हीकडून माणसं आली. विहारातले मोठे भाऊ दारात उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "बाई, आपन बावीस प्रतिज्ञा घेतल्या. अन् तुमी देव पाळून राह्यल्या?" त्यांच्या मागेच गुघाने गुरुजी, "देव हायेत का जागेवर, फक्त पाहून जातो" म्हणत आलेले.

"या, दोघंही या," इंदूबाई म्हणाली. "भाऊ, ते माहे नाईत. गुरुजी, ते कुठी गेले नाईत. ते भाडेकरू हायेत. अन् भाडं थकलं हाये."

मोठे भाऊ हसू दाबत गेले. गुरुजी न हसता गेले, आणि तिथेच घोळ झाला. कारण भाडेकरू पाहिजे होते ते येईनात. खोली पाहायला माणूस यायचा, पसंत पडायची, आणि समोरचा गुरुजींचा ओटा ओलांडेपर्यंत त्याचं मन बदलायचं. एक तलाठी तर बिछाना घेऊन आला आणि घेऊनच गेला. दिवस गेले. फंड घरात अडकलेला, गुडघे दुखायला लागलेले, देवराव टिनाच्या छताकडे पाहत बसणारा. त्याचं ते पाहणं इंदूबाईला भांडणापेक्षा जास्त टोचायचं. रिकामं घर हे घर नसतं, नुसती भिंतींची राखण असते, हे तिला कळत होतं. आणि ते गुलाबरावांनाही कळत होतं. मोरेश्वर बाजारात सांगत फिरायचा, "थांबा, सहा महिन्यात बुढी सोताहून पाया पडत येईन."

इंदूबाईने दोनदा निरोप पाठवला, देव घेऊन जा. गुलाबरावांनी दोनदा उत्तर पाठवलं, देव घर सोडत नसतात.

मग बाजाराचा दिवस आला. कृषी केंद्रापुढे पेरणीच्या आधीची गर्दी, बैलगाड्या, थैल्या, उधारी-नगदीचा कालवा. त्या गर्दीतून वाट काढत इंदूबाई थेट काऊंटरपुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, भाडं द्या."

गुलाबरावांनी वर पाहिलं. "कायचं भाडं?"

"तुमच्या घरचे पाच जन माह्या घरात राहून राह्यले. बाळकृष्न, अन्नपूर्ना, खंडोबा, अन् दोघाचे नाव मले नाई माहीत. कोपऱ्यातली चांगली उजेडाची जागा अडवून बसले. पानी नाई मागत, लाईट नाई जाळत, म्हनून मी कमी लावतो. पन फुकट नाई ठेवत."

मग मागून कोणीतरी, थैलीवर बसलेलं, "बरोबर हाये ना मावशी," म्हणालं, आणि सगळं दुकान हसायला लागलं. गेल्या दोन वर्षांत न उगवलेल्या बियाण्यांच्या सगळ्या थैल्या जणू त्या हसण्यात होत्या.

"देवाचं भाडं मागते! लाज नाई वाटत?" गुलाबराव ओरडले.

"मले लाज? देव तुमचे, ठेवले तुमी, बँकेच्या कुलपात उपाशी. घरातून हाकललेले लोक आपन पाह्यले, राजेहो. पन देवाईले पहारेकरी करून सोडून जानारा मानूस मी पयल्यांदा पाह्यला!"

तांड्यावरच्या फुलचंदची बायको मानीबाई कापूस बियाणं घ्यायला आली होती, घागरा-काचोळी, हातभर चुडा. ती तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "बाई, वसूल कर. सोडू नोको." आणि परत हशा. संध्याकाळपर्यंत 'देवांचं भाडं' घाटंजीत, घाटंजीवरून एसटीने महागावपर्यंत पोचलं होतं. हे गल्लीचंच चुकलं. ज्या गोष्टीला लोक भितात ती सांगताना ते आवाज बारीक करतात, पण जिच्यावर हसतात ती मोठ्याने सांगतात. आणि मोठ्याने सांगितली, की तिची भीती वाटेनाशी होते.

त्यानंतरच्या एका दुपारी गुलाबरावांच्या बायकोने, द्वारकाबाईने, ताम्हन हातात घेतलं. भाड्याच्या घरातून निघाली, चौकातून, कृषी केंद्रापुढून, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत. गुलाबराव "कुठी चालली?" म्हणाले. तिने ऐकलं नाही. आयुष्यभर ऐकलेल्या बाईने एकदा ऐकलं नाही की माणूस विचारायचाही थांबतो. तेही थांबले.

इंदूबाई ओट्यावर लसूण सोलत होती. द्वारकाबाई दारात उभी राहिली, तीस वर्षं जो उंबरठा तिचा होता त्याच्या बाहेर, आणि परक्यासारखी विचारती झाली, "येऊ काय आत?"

"या ना ताई. आत सरका," इंदूबाईच्या तोंडून नवऱ्याचं वाक्य निघून गेलं, आणि दोघीही चाटच पडल्या.

देव्हाऱ्यापुढे बसल्यावर द्वारकाबाईने पहिल्यांदा धूळ पाहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाचं. "तुमी हात नाई लावला?"

"माहे नाईत ना ताई. माहे असते तं सोडले असते नदीत. दुसऱ्याच्या वस्तूले मी हात लावत नाई."

"आठ महिने मी कोऱ्या फळीपुढं दिवा लावून राह्यली," द्वारकाबाई म्हणाली. "मी म्हनलं, देव घेऊन येऊ. तर हे म्हनते, देव आपले वकील हायेत, राहू दे तठी. वकील!" तिने बाळकृष्णाला पदराने पुसलं. पुसताना तिचा हात असा चालत होता जसा लेकराचं नाक पुसताना चालतो. इंदूबाईने उठून तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि बाहेर जाऊन बसली.

सगळे देव ताम्हनात बसले. द्वारकाबाई उंबरठ्यावर आली आणि कमरेच्या चंचीतून घडी घातलेल्या नोटा काढल्या.

"हे काय?" इंदूबाई म्हणाली.

"भाडं. तुमी दुकानात मांगतलं ना. त्याईनं नाई देल्लं, मी देतो. माह्या देवाईनं कोनाच्या घरात फुकट नाई राहाचं."

आता दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, राहू द्या ताई, आपल्यात कशाचं भाडं. इंदूबाईने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. नोटा घेतल्या. मोजल्यासुद्धा नाहीत, सरळ कमरेला खोवल्या. त्या घराची ती पहिली कमाई. द्वारकाबाईचा चेहरा एकदम मोकळा झाला. दान घेऊन परतणारी बाई आणि व्यवहार करून परतणारी बाई यांच्या चालण्यात फरक असतो, आणि तो त्या दिवशी गल्लीने डोळे भरून पाहिला. गुघाने गुरुजींच्या ओट्यापुढून जाताना द्वारकाबाई म्हणाली, "गुरुजी, घर मोकळं झालं. आता द्या दवंडी."

आणि द्यावीच लागली की. देव उठलेले सगळ्यांनी पाहिले होते, घरच्या बाईने पदराखाली नेलेले. रिवाजाप्रमाणे घर रिकामं! आता कोण काय बोलणार? मानीबाईच दुसऱ्या दिवशी आली, सोबत पोरगी बबिता, डी.एड.ला नंबर लागलेली, आणि तांड्यावरच्या दोघी अजून. मानीबाईने खोली पाहिली, नळ पाहिला, दाराची कडी तीनदा लावून पाहिली.

"आमच्या पोट्ट्याईले कोनी ठेवत नाई वो बाई," ती म्हणाली. "तांड्याचे म्हनलं की खोलीच नसते. तू काही इचारत नाईस?"

"इचारतो ना. रात्री आठनंतर बाहीर कोन राह्यते ते इचारतो. अन् लाईट कोन चालू ठेवते ते."

पावसाळा लागेपर्यंत खालच्या चारही खोल्या भरल्या. एका खोलीत पांढरकवड्याहून आलेली नर्सबाई, एकीत शाळेतले मास्तर आणि त्यांचं कुटुंब, दोन खोल्यांत पोरी. वरची पुढची खोली इंदूबाईने आपल्याला ठेवली, आणि देवराव ओट्यावर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला आत सरकवायला लागला. गल्लीला कुरकुर करायला मुबलक मिळालं. पोरी मोठ्याने हसतात, पोरी गच्चीवर केस वाळवतात, मास्तरांकडे मटण शिजतं. इंदूबाई ऐकायची आणि म्हणायची, "वास येते काय? मंग जेवाले या."

दसऱ्याच्या सुमारास मोरेश्वर आला. सफारी तीच, बोलणं मात्र बदललेलं. मऊ. ओट्यावर बसला, पाणी प्याला, घराची तारीफ केली, आणि म्हणाला, "काकू, तुमाले जेवढ्यात पडलं त्याच्यावर चांगले चढवून देतो. एका वर्सात एवढा फायदा कोनाले भेटते? टिनाचं छत काढा, स्लॅब टाका, उरलेलं बँकेत ठेवा."

देवराव खुर्चीवरून थोडा पुढे झुकला. खोटं कशाला बोलायचं, आकडा त्यालाही मोठा वाटला होता. त्याने इंदूबाईकडे पाहिलं. डोळ्यांत स्लॅब दिसत होता.

इंदूबाई तांदूळ निवडत होती. तिने सुपाला एक झटका दिला. "मोरेश्वरभाऊ, त्या दिवशी लिलावात तुमी माह्यासंगं चढलात, पन इतकं नाई चढलात. आता काहून चढून राह्यले?"

मोरेश्वर हसला. "गल्लीतलं घर हाये काकू. गल्लीत राहिलं तं बरं दिसते. आता तुमीच पाहा, तुमाले तरी इथं करमते काय? आपल्या मानसात राहिलेलं बरं."

निघालं शेवटी. मऊ बोलण्याच्या तळाशी जे होतं ते वर आलं. देवरावाच्या डोळ्यातला स्लॅब एकदम विरला. तो मागे टेकून बसला आणि म्हणाला, "तुमाले उतराचा स्टॉप आला, भाऊ."

"थांबा जी," इंदूबाई उठली. सूप खाली ठेवलं, पदर खोचला, आणि आवाज असा काढला की समोर गुरुजींचं वर्तमानपत्र खाली आलं. "इकासाठी घेतलं असतं तं तवाच इकलं असतं. हे घर माहं हाये. मी मेल्यावर माह्या पोरीचं, साधनाचं, अन् तिच्यानंतर तिच्या लेकीचं, पायलचं. तुमच्या भाऊजीले जाऊन सांगा, वरची मागची खोली रिकामी हाये अजून. बियाण्याच्या थैल्या ठेवाले चांगली कोरडी हाये. भाड्यानं पायजे असंन तं या, दोन महिन्याचं आगाऊ अन् मुकाट्यानं राहाचं. इकत पायजे असंन तं दुसरी गल्ली पाहा."

मोरेश्वर उठला. तेवढ्यात अंगणातला नळ आला आणि बबिता आणि नर्सबाईत पहिली बादली कोणाची यावरून जुंपली. इंदूबाई त्याच्याकडे पाठ करून मधेच घुसली.

"ए पोट्ट्याहो, कोनाच्या बापाचा नळ हाये? माहा हाये! सरका दोघी, पयली घागर माही."